जन्माचे दिवस आणि गर्भाचे आठवडे

लीलाबाई गेली सव्वीस वर्षे शहरातील एका खासगी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात परिचारिका आहेत. अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळाच्या पाटीवर त्या दोन वये लिहितात: जन्मापासूनचे दिवस आणि गर्भाचे आठवडे. ही सवय अनुभवाने जडलेली. अशा बाळांचे आतडे सुजून सडू लागण्याचा एक आजार आहे. बत्तीस-तेहतीस आठवड्यांत जन्मलेल्या बाळाला तो बहुधा जन्मानंतर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गाठतो. सव्वीस-सत्तावीस आठवड्यांच्या बाळाला तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे घरचे निर्धास्त होतात नेमके तेव्हा.

सोयगावच्या रूपालीचा मुलगा सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मला, नऊशे ग्रॅमचा. चोविसाव्या दिवशी तो नळीतून पुरते दूध घेत होता. रूपाली आणि तिच्या सासूबाई कडूबाई आळीपाळीने त्याला छातीशी धरून बसत, आणि कडूबाईंनी सुट्टीचा लकडा लावला होता.

"सिस्टर, पाचवी झाली, बारा दिवस झाले, एकवीस झाले. आता कशाचा धोका? काचंत ठेवून लोणच्यावानी मुरवायलात व्हय?"

"आजी, तुमच्या मोजणीनं चोवीस दिवस. माझ्या मोजणीनं नातू अजून पोटातच हाय, सातव्या महिन्यात."

"मंग मी काय पोटातली वार हाय का?"

लीलाबाई हसल्या. दोनचे दूध देण्यासाठी वाकल्या, तेव्हा हिंगाचा वास आला. बाळाच्या बेंबीभोवती पिवळट लेप होता. रूपालीने मान खाली घातली.

कक्षात बाहेरचे काही लावण्यास सक्त मनाई आहे. रागाचे वाक्य ओठांवर आले होते. लीलाबाईंनी ते गिळले. तान्ह्याच्या पोटाला हिंग उगाच कोणी लावत नाही. अकरा वाजता पोटाचा घेर अर्धा सेंटिमीटर वाढलेला त्यांना दिसला होता, आणि तो त्यांनी नेहमीचा मानला होता.

"आजी, मी रागवत नाय. कधी लावलं?"

"आठच्या दुधानंतर. पोट लई गच्च लागलं. म्हटलं, वात धरला. तुम्हाला सांगितलं असतं तर सुट्टी लांबली असती."

लीलाबाईंनी दूध बाजूला ठेवले. नळीला सिरिंज लावून ओढताच पोटातून हिरवे पाणी आले. डॉक्टरांना त्यांनी सांगितले, सुरुवात आत्ताची नाही, सहा तासांपूर्वीची आहे. अकराची चूक माझी. क्ष-किरणात आतड्याच्या भिंतीत वायूचे बुडबुडे दिसले, म्हणजे तोच आजार; पण आतडे फुटलेले नव्हते. दूध बंद झाले, प्रतिजैविके सुरू झाली, शल्यचिकित्सकाला सांगून ठेवले.

शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. दूध बंद केल्यापासून अकराव्या दिवशी एक मिलिलिटर दूध द्यायचे ठरले. लीलाबाईंनी पोटाचा घेर मोजायला टेप उघडला, मग थांबून कडूबाईंना हात धुऊन यायला सांगितले.

"आधी तुम्ही बघा."

कडूबाईंनी तळवा पोटावर टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"मऊ हाय," त्या म्हणाल्या. "द्या."