मागच्या सीटजवळची जाळी

स्टँडवर तिला सगळे ‘जाळीवाली’ म्हणत. तिच्या जुन्या हायब्रिड टॅक्सीत पेट्रोलच्या इंजिनाच्या जोडीला एक बॅटरी होती, मागच्या सीटखाली. ती गार राहावी म्हणून सीटच्या कडेला हवा ओढणारी छोटी जाळी होती. त्या जाळीवर कोणी पिशवी टेकवली की बाई स्टिअरिंगवरूनच खेकसायची. गिऱ्हाईक रुसलं तर रुसलं. बॅटरी तापून गेली तर धंदा बसणार, आणि मग पुन्हा दादाचं दुकान.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा त्याने आसरा दिला, हे खरं. पण त्या आसऱ्यापायी कितीतरी वर्षं तिने त्याच्या काउंटरमागे मान खाली घालून काढली, हेही तितकंच खरं. टॅक्सी घेतली तेव्हा तो हसला होता. “जुनी बॅटरी! वर्षभरात नाक घासत परत येशील.”

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. दादा गिऱ्हाइकाच्या थाटात मागे बसला आणि मालाच्या नमुन्यांची जाडजूड बॅग त्याने नेमकी जाळीला चिकटवून ठेवली.

“दादा, बॅग काढ तिथून.”

“राहू दे गं. पोचलोच आता.”

चढ लागला. बॅटरीचा पंखा घरघरायला लागला.

“दादा, बॅग.”

“असले नखरे माझ्या दुकानात चालले नसते हं.”

तिने गाडी कडेला घेतली, उतरली आणि मागचं दार सताड उघडलं. मागून हॉर्नचा गलका उठला.

“बॅग मांडीवर घे, नाहीतर खाली उतर.”

“मोठा भाऊ आहे मी तुझा!”

“म्हणून तर दोनदा सांगितलं. बाकीच्यांना एकदाच सांगते.”

या माणसापुढे तिने आवाज चढवला नव्हता कधी. पण दार काही तिने सोडलं नाही. दादाने बाहेर पाहिलं. सावलीचा पत्ता नव्हता. फणफणत त्याने बॅग मांडीवर ओढली.

चढ संपला, पंखा शांत झाला.

“किती जपशील?” तो पुटपुटला. “एक ना एक दिवस ही बॅटरी जाणारच.”

“जाऊ दे. दुसरी टाकीन. नाही जमलं तर दुसऱ्याची गाडी चालवीन,” आरशात त्याच्याकडे बघत ती म्हणाली. “तुझ्या काउंटरला मात्र आता दुसरं कोणीतरी शोध.”