दाखवायचं राहून गेलं

मशीनमावशींचं सगळं कसं आधीच तयार असायचं. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा, स्वयंपाक शुक्रवारी सूर्य मावळायच्या कितीतरी आधी झाकून ठेवलेला, आणि सिनेगॉगच्या ज्यू मंडळींत कुणाचं बरंवाईट झालं तर लागणारी कफनं शिवून कपाटात. शिवणाच्या मशीनवरून नाव पडलं मशीनमावशी, पण या कामाला मशीन चालत नाही. हाताने लांब धावदोरा घालायचा, दोऱ्याला गाठ मारायची नाही, खिसा ठेवायचा नाही. गेलेला माणूस परतफेड करू शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी केलेली माया हीच खरी, असं सगळे म्हणत. मावशींना ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोला.

मग थोरल्या जाऊबाईंनी अंथरूण धरलं. एका दुपारी उशीला टेकून म्हणाल्या, "मला माझं कफन दाखव ना गं. एकदा डोळ्यांनी बघितलं की भीती जाईल."

"काहीतरीच काय, ताई. अजून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायच्यात तुम्हाला."

जाऊबाई हसल्या. पुन्हा विचारलं तेव्हाही मावशींनी विषय थट्टेवारी नेला. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं आणि मावशींनी हुश्श केलं. कपाट शेजारच्याच खोलीत, किल्ली मावशींच्या कमरेला. घडी उलगडून समोर धरायची, एवढंच काम होतं. पण मेलेल्यांना आंघोळ घालताना ज्या कधी कचरल्या नाहीत, त्या मावशी जिवंत बाईच्या भीतीला भ्यायल्या. वरून स्वतःची भीती गोड बोलण्यात गुंडाळली.

जाऊबाई गेल्या. बायकांनी त्यांना आंघोळ घातली, कफन नेसवलं, कशालाही अडलं नाही.

"तुझी तयारी म्हणजे तयारी बाई," एकजण म्हणाली. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी गेलेल्या माणसाची माफी मागायची रीत असते. मावशीच ती मागत, आणि इतक्या जणींची मागितलेली की शब्द आपोआप यायचे. "ताई, आमच्या हातून काही कमी राहिलं असेल तर..." म्हणता म्हणता त्या थांबल्या.

"राहिलंय, ताई," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागितलं होतंत. मीच भ्याले."

एरवी माफी मागून झाली की बायका हात धुवायला जातात, उत्तरासाठी कुणी थांबत नाही. त्या दिवशीही सगळ्या गेल्या. मावशी मात्र जाऊबाईंच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.