कुशीवर वळवताना
उर्मिलाच्या उजव्या पायातली ताकद पोलिओने लहानपणीच नेली होती. कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा लोखंडी सांगाडा, चढवल्याशिवाय तिला उभंही राहता येत नसे. लग्नानंतर गिरगाव सोडून उपनगरात केबिन रोडमागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केलं, तेव्हा लिफ्ट नाही म्हणून ती बिचकली होती. तिचा नवरा गुणवंत म्हणाला, "मी आहे ना!"

एक्याण्णवच्या दिवाळीत टीव्हीचा अँटेना सरळ करायला तो गच्चीतल्या टाकीवर चढला आणि घसरून पाठीवर आपटला. उर्मिला कशीबशी वर पोचली, तर तो शुद्धीवर होता.

"उर्मी, माझे पाय कुठायत बघ गं."

पाय जागेवरच होते.

प्लास्टर घातलं की हाड सांधेल, एवढंच तिला ठाऊक. डॉक्टर म्हणाले, "हाड सांधतं हो. आतला मज्जारज्जू चिरडलाय, तो नाही सांधत. छातीखाली त्यांना आता काही कळणार नाही."

तिच्या सासूबाई, सरूबाई, डोळे पुसत म्हणाल्या, "तुझं तुलाच होत नाही पोरी. त्याला मी गावी नेते." गुणवंतनेही मान वळवली. "आई बरोबर बोलतेय. तू माहेरी जा."

"मला बघायला आलात तेव्हा मी कॅलिपर काढून पाय दाखवला होता," उर्मिला म्हणाली. "तेव्हा तुम्ही उठून गेलात का?"

मग ती शिकली. लघवीची नळी कशी धुवायची, पाठ कशी न्याहाळायची, हे वॉर्डातल्या सिस्टरने दाखवलं. जखमा होऊ नयेत म्हणून त्याला सारखं कुशीवर वळवावं लागे. उभ्याने ओढलं की तिचाच तोल जाई. शेवटी ती पलंगावरच बसली, धडधाकट पाय भिंतीला रेटला आणि त्याच्या खालची चादर ओढून त्याला वळवलं.

पहिल्याच थंडीत त्याचे पाय गार लागले म्हणून तिने गरम पाण्याची पिशवी ठेवली. तो गप्पा मारत होता. पिशवी काढली तर टाचेची कातडी सोलून निघालेली. तिने कपाळ बडवून घेतलं.

"रडू नकोस. मला दुखत नाहीये."

त्या शब्दांनी तिला जास्तच रडू फुटलं.

एकदा त्याचं डोकं दुखून फुटायला आलं, चेहरा लालबुंद, घामाच्या धारा. तिने त्याला टेकवून बसवलं आणि चादर उचलली. नळी मांडीखाली मुडपून लघवी तुंबली होती. ती सरळ करताच हळूहळू त्याला उतार पडला. खालचं दुखणं त्याचं शरीर आता डोकेदुखीतून सांगतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

मनाचं मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. तो दाढी करेनासा झाला. खाली गणपतीचे ढोल वाजले की म्हणे, "खिडकी लाव." ती लावायची आणि शेजारी बसून राहायची.

सत्त्याण्णवमध्ये ताप चढला तो उतरेना. लघवीतला संसर्ग मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता. हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने पाठ तपासली. "इतक्या वर्षांत पाठीवर एक जखम नाही! फार जपलंत."

"मग वाचतील ना?"

चौथ्या दिवशी गुणवंत गेला.

उर्मिला आजही त्याच घरात राहते. चादर ओढून ओढून कामातून गेलेला तिचा डावा खांदा आता वर उचलत नाही, रात्रंदिवस ठणकतो. शेजारणी म्हणतात, दाखव कुणाला तरी. ती म्हणते, "दुखू दे."