हुलग्यावरनं गेलेली गाडी

आमच्या भागात हुलगं मळायला आता खळं कुणी करत नाही. वाळलेले वेल डांबरी रस्त्यावर पसरायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली मळून घ्यायचे. शेतकऱ्याचं काम आयतं होतं, त्याला मी कशाला नावं ठेवू? माझं भांडण आहे ते गाडी चालवणाऱ्याशी. म्हणजे माझ्याच लेकाशी.

माझे अप्पा मंद्रूप ते सोलापूर वडापची जीप चालवायचे. दहाच्या जागी वीस माणसं कोंबायचे, पण जीपच्या तब्येतीच्या बाबतीत एकदम कडक. मी थोरली, म्हणून मी हाताशी. पान्हा दे, पाणी आण, खाली शिरून बघ. रेडिएटर गरम असताना झाकण उघडायचं नाही, फॅनचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा, सगळं मला पाठ. स्टेअरिंगला मात्र हात लावू दिला नाही. "पोरीच्या जातीला काय करायचंय?" म्हणायचे. मग गाडीखाली शिरायला पोरीची जात चालते व्हय, हे विचारायचं राहूनच गेलं. असो. त्यांचं एक सांगणं होतं, हुलग्यावरनं गाडी गेली की उतरून खाली वाकून बघायचं. वेल लांब असतात, फिरत्या दांड्याला गुंडाळतात, सायलेन्सरला चिकटतात. सायलेन्सर तापलेला, वेल वाळलेला. पुढचं काय सांगायला पाहिजे?

गेल्या जानेवारीत आम्ही माझ्या धाकट्या बहिणीकडे जेवायला निघालो होतो. लेक गाडी चालवतोय, शेजारी सून, मागं मी आणि माझ्या मांडीवर तीन वर्षांची नात झोपलेली. मंद्रूप सोडलं आणि पुढं रस्ताभर हुलगे. गाडी वर चढली तशी खालनं खरखर सुरू झाली.

"रस्ता मोकळा लागला की थांब रे, खाली बघ."

"आई, ही अप्पांची जीप नाही. काही झालं तर इथं समोर लाईट लागते."

"लाईटीला हुलगं कळतंय व्हय?"

सून खिडकीकडे तोंड करून हसली. लेक म्हणाला, "सगळं कळतं तिला. सेन्सर आहेत की."

हुलगे संपले, खरखर काही संपेना. थोड्या वेळानं चुलीत पाचट सारल्यासारखा वास यायला लागला. लेक म्हणतो, कुणीतरी बांध पेटवलाय. काचा वर केल्या, एसी लावला. आता बांधाचा वास असता तर काच लावल्यावर कमी झाला असता की नाही? तो वाढला. मी परत सांगितलं. "आलंच की आता आई, पाच मिनिटं!" मांडीवर पोर, खाली काय पेटतंय माहीत नाही आणि ह्याची पाच मिनिटं.

शेवटी मी पदर तोंडाला लावला आणि म्हटलं, "मला उलटी येतीय."

कच्चकन ब्रेक! नव्या सीटची काळजी. आईच्या अकलेसाठी थांबत नाहीत, आईच्या उलटीसाठी थांबतात.

नातीला सुनेकडे दिलं, दोघींना लांब उभं केलं. गुडघे धरत, देवाचं नाव घेत मी रस्त्यावरच बसले आणि वाकले. खाली वेलांचा हा एवढा बोळा, त्यातनं धूर आणि एका जागी लाल निखारा. लेकानं वाकून बघितलं, पांढराफटक पडला आणि काय केलं? मोबाईल काढून गाडीच्या कंपनीला फोन लावायला लागला!

"अरे, ते यायच्या आत राख होईल! ती काठी आण. हात घालू नको, काठीनं ओढ!"

ओढलं त्यानं. वेल रस्त्यावर पडले आणि भपकन पेटले. दोघांनी माती टाकून विझवले.

"आई, लाईट लागलीच नाही गं," तो म्हणाला. अजून लाईटच!

बहिणीकडे पोचलो, ताटं वाढली, तर हा सांगतोय, "मला वास आला मावशी, मी लगेच गाडी बाजूला घेतली." सून माझ्याकडे बघतेय. मी भाकरी मोडत बसले. वर बहीण मला विचारते, "अक्का, तुला मळमळत होतं म्हणं, लिंबू-पाणी करू का?"

उन्हं उतरायच्या आत परत निघालो. हुलगे तिथंच होते. लेकानं स्वतःहून गाडी थांबवली. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं मला. पण थांबवली कुठं? बरोब्बर हुलग्याच्या मधोमध. खाली वाळलेल्या वेलांची गादी, त्यावर तापलेला सायलेन्सर, आणि हा रुबाबात दार उघडतोय, "थांब आई, खाली बघून घेतो."

"अरे गाढवा, पुढं घे! मोकळ्या रस्त्यावर घे आधी!"

त्यानं दार आपटलं, गाडी पुढं घेतली आणि आरशातनं माझ्याकडे बघून म्हणाला, "थांबलं तरी ओरडतेस, नाही थांबलं तरी ओरडतेस. करायचं तरी काय माणसानं?"