युअर मॅनकडची किल्ली

सांगलीला आमच्या दारात बॅगा गाडीत चढल्या, तरी बाबांच्या सूचना संपत नव्हत्या. "गाडीच्या नंबरचा फोटो पाठव. आणि गोड बोलणाऱ्यापासून चार हात लांब राहा."

आयर्लंडमध्ये, कॉर्कच्या विमानतळावर, मला नोकरी दिलेल्या औषध कंपनीने पाठवलेला ड्रायव्हर उभा होता. हातातल्या पाटीवर माझ्या नावाचं, शिल्पाचं, 'शिल्बा' झालेलं. तिथेच पाल चुकचुकली. पिकलेल्या केसांचा तो माणूस माझ्या प्रत्येक प्रश्नाला 'ग्रँड, ग्रँड' म्हणायचा. सगळंच कसं ग्रँड असेल? त्यात घर मी फक्त फोटोंवरून घेतलेलं. ते खरंच तिथे नसलं, तर या गावात रात्री पाठ टेकायला ओळखीचं एक दार नव्हतं.

गाडी पत्त्याकडे जाईना. उभ्या चढाच्या गल्लीत नेऊन त्याने मला शँडनचा मनोरा दाखवला. चार बाजूंना चार घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, म्हणून लोक त्याला चार तोंडांचा खोटारडा म्हणतात, असं त्याने कौतुकाने सांगितलं. मी मोबाइलवरचा नकाशा घट्ट धरून बसले. मग नदीचे पूल झाले, जुना बाजार झाला, आणि तो सहज म्हणाला, "युअर मॅन हॅज द कीज."

माझा माणूस? माझं लग्नही झालेलं नव्हतं.

"आय हॅव नो मॅन हिअर," मी जमेल तेवढ्या कडक आवाजात सांगितलं.

तो हसत सुटला. "नो, गर्ल. युअर मॅन. इन द शॉप."

शॉपमध्ये एप्रन घातलेले एक आजोबा होते. घरमालकाने किल्ली त्यांच्याकडे ठेवली होती. इकडे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'ठीक आहे', आणि 'युअर मॅन' म्हणजे आपला कुणी नव्हे, नुसता 'तो अमका', हे मला पुढे ऑफिसात कळलं. त्या दिवशी मी किल्ली उलटसुलट करून पाहिली. ती कुलपात फिरली, तेव्हा बॅगेवर बसून रडले. तरी कितीतरी दिवस दाराला खुर्ची लावून झोपत होते.

तिकडे राहिलेले तुम्ही विचारता, आता घरासारखं वाटतं का? इकडे आलेले विचारत नाहीत, त्यांना ठाऊक असतं. संशय माझा अजून गेलेला नाही. टॅक्सीत बसले की नंबरचा फोटो आधी काढते, कुणी ग्रँड म्हटलं की दोनदा खात्री करते. सांगलीच्या घराला मात्र आम्ही कधी कुलूपच लावलं नाही, कुणी ना कुणी आत असायचंच.

इथे आत कुणी नसतं. म्हणून मी जादा किल्ली त्याच दुकानात ठेवलीय, युअर मॅनकडे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.