फेसातला गोरा

अंधेरी स्टेशनबाहेरच्या सलूनमध्ये दर रविवारी तो भेटायचा, पण त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. राहणारा मढच्या कोळीवाड्यातला. सिनेमात एक्स्ट्रा म्हणून जायचा. रंगाने तव्यासारखा काळा, त्यामुळे पडद्यावर बहुतेकदा खलनायकाच्या मागे उभा.

आरशावर पाटी होती: 'राजकारण व सिनेमा यांवर वाद घालू नये.' ती आपल्यामुळे लागली, याचा त्याला भारी अभिमान.

त्या वर्षी एका गोऱ्यापान नायकाला कोळ्याच्या भूमिकेसाठी बक्षीस मिळालं. अंगभर काळा रंग फासून त्याने काम केलं होतं.

"बक्षीस गुणाला देतात, रंगाला नाही," मी म्हणालो.

तो खुर्चीतच अर्धा वळला. "अरे, त्या सिनेमात त्याच्याच होडीत मागे मी वल्हं मारत होतो. त्याचा रंग संध्याकाळी साबणाने जातो, म्हणून तो अभिनय. माझा जात नाही, म्हणून मी गर्दी."

सलूनवाल्याने वस्तऱ्याने पाटी दाखवली.

"म्हणजे बोलायचं पण नाही?" तो उसळला.

पाटीने जो गप्प होत नाही त्याच्या ओठांवरूनही साबणाचा ब्रश फिरवायचा, ही सलूनवाल्याची जुनी रीत. फेसात तोंड उघडणार कोण?

फेसाने त्याचा चेहरा पांढराशुभ्र झाला. त्याने आरशात स्वतःला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग चादरीखालून दोन्ही हात काढले आणि मान झुकवून, बक्षीस घ्यायला करतात तसे पुढे केले.

पाटीवर हातवाऱ्यांबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. सलूनवाल्याने त्याच्या ओंजळीत तुरटीचा खडा ठेवला.