सहाची खूण

वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आई आधीच गेली होती. कर्जतच्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पट्टीने रेघा मारून तक्ता केला. वेळ, डावी की उजवी, आणि शेवटी खुणेसाठी चौकोन. खाटेसमोरच्या भिंतीला तो चिकटवला.

दिवसा मी कर्जतला नोकरीवर. तेव्हा वरच्या आळीतल्या मावशी येत. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत, आमच्या धम्मातल्याही नाहीत. त्यांच्या घरी शेती आहे, दोन सुना आहेत. "घरात आता मला कोन इचारतंय? हितं निदान तुजा बा उलटून बोलत नाय," असं वडिलांसमोरच म्हणत आणि वडिलांचा डावा गाल थोडा हले. मावशींना अक्षर येत नव्हतं, पण तक्ता त्यांना पहिल्याच दिवशी कळला. वळवलं की चौकोनात एक वाकडी रेघ.

मला त्या महिन्यांत काही वाटत नव्हतं. वडिलांचे पाय पुसताना आणि ऑफिसात फाइलची दोरी बांधताना हाताला सारखंच लागे. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता.

पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला. आमच्या विहारात त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचायचं काम माझ्याकडे होतं. खालापूरकडच्या कारखान्यात पाळ्या करून वडिलांनी मला शिकवलं, आणि पाचवीत असताना त्यांनीच मला पहिल्यांदा तिथे वाचायला उभं केलं. त्यामुळे नाही म्हणायचं मनातही आलं नाही.

साडेपाचला घरी यायचं, आंघोळ करायची, पांढरा शर्ट घालायचा, सहाला वडिलांना वळवायचं आणि साडेसहाला मावशी बसायला आल्या की निघायचं आणि आठचं वळवणं परत आल्यावर करायचं, असं ठरलं होतं. एकदा वळवताना शर्ट घाण झाला. बदलून जाईपर्यंत लोक ताटकळले. दुसऱ्या दिवशी मी विचार केला, आल्यावर वळवू. मावशींनी विचारू नये म्हणून सहाच्या चौकोनात खूण करून टाकली. तिसऱ्या दिवशी विचारही केला नाही. वाचन आठला संपे, पण मग लोक बोलायला थांबवत. घरी यायला पावणेनऊ होत. म्हणजे चार वाजता मावशींनी वळवलेले वडील पावणेनऊपर्यंत त्याच कुशीवर.

एका संध्याकाळी वाचनात आजारी भिक्खूचा प्रसंग आला. आपल्याच घाणीत पडलेला तो भिक्खू, आणि त्याला स्वतःच्या हातांनी धुणारे भगवान बुद्ध. मी स्पष्ट वाचलं. एक बाई पदराने डोळे पुसत होत्या. आमचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "काय वाचलंस रे! करुणा म्हणजे काय ते आज कळलं." मी हात जोडले.

घरी आलो तर चादर ओली दिसली म्हणून मावशींनी वडिलांना डाव्या कुशीवर घेऊन टॉर्च धरला होता.

"हिकडं ये. हे बघ."

उजव्या कमरेच्या हाडावर कातडी गेली होती. रुपयाएवढं, ओलं.

"सा वाजता वळवलास तवा दिसलं नाय?"

"नाही."

"आंधळा हायस का रं?"

"वळवलं नव्हतं."

"मंग ती खूण कसली?"

"तशीच केली."

मावशींनी तक्त्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला वाचाय येत नाय. खूण तेवडी कळती. कूस तीच वाटली तरी खूण बघून मी हात नाय लावला." त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. "नीट धर. पानी कोमट कर आधी."

पाणी तापताना लक्षात आलं, चारला उजवी कूस असते. त्या कुशीवर वडिलांचं तोंड तक्त्याकडे येतं. रोज संध्याकाळी मी खूण करून निघताना ते बघत होते. वडील सातवीपर्यंत शिकलेले, रोज पेपर वाचणारे.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सांगितलं की आजपासून वाचणार नाही. का, तेही सांगितलं. ते म्हणाले, "अरे, पण तुझ्यासारखं वाचणार कोण?" महिला मंडळातल्या एक ताई अडखळत वाचू लागल्या. काही लोक यायचे थांबले.

मी सहाला वळवू लागलो. जुनी बनियन घालून. दिवसाआड नर्स पट्टी बदलायला येई. मला वाटत होतं, आता तरी आत काही हलेल. करुणा आधी मनात दाटून येते आणि मग हात चालतात, असं मी इतकी वर्षं वाचत आलो होतो, किंवा तसं समजत आलो होतो. हात चालत होते. मन होतं तिथेच होतं.

एकदा मी मावशींना विचारलं, "तुम्हाला हे सगळं करताना काय वाटतं?"

"काय वाटायचं? कंबर दुकती."

"तसं नाही. आतून."

"आतूनच दुकती रं," त्या म्हणाल्या. "पाय धर त्येंचे. बोलत काय बसलास?"

वडिलांनाही एकदा सांगितलं. "सहाला मी वळवत नव्हतो. तुम्ही बघत होतात." ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी माफ केलं की नाही, मला कळलं नाही. अजूनही माहीत नाही.

जखम भरायला वर्षावास संपून वर तीन आठवडे लागले. नर्सने शेवटची पट्टी काढली तेव्हा मावशी वाकून म्हणाल्या, "आलं रं कातडं." मीही वाकलो. नखाएवढा गुलाबी डाग होता, कोरडा. जे वाटायला हवं होतं ते तेव्हाही वाटलं नाही. नर्स म्हणाली, ही बाजू अजून जपा. मी वडिलांना डाव्या कुशीवर घेतलं, एक उशी पाठीला लावली, दुसरी गुडघ्यांच्या मधे सरकवली, आणि चादरीची सुरकुती हाताने ओढून काढली.